मामाशी लावायची पैज

पैज ठरवायची तर समोरच्याचा खेळ आधी नीट ठाऊक असायला हवा. माझ्या मामाचा खेळ मला माझ्या स्वतःच्या खेळापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो तीसेक वर्षं गोल्फ खेळतोय, आणि मी शाळेत असताना त्याची बॅग ओढत मागून चालायचे तेव्हापासून त्याचा स्विंग बघत आले आहे. लांब मारणाऱ्यांतला मामा कधीच नव्हता. त्याचा चेंडू किंचित उजवीकडून डावीकडे वळतो आणि फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध जाऊन थांबतो. दुसरा शॉट ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, पोचला नाही तर निदान अशा कडेला पोचतो, जिथून चिप करायला, म्हणजे छोट्या फटक्याने चेंडू उचलून टाकायला, मोकळी जागा आहे. मग एक चिप, ग्रीनवर चेंडू घरंगळत नेणारा एक पट, आणि पार, म्हणजे त्या होलला नेमून दिलेल्या फटक्यांत काम. माझा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, चांगला बसला की शेजारच्या होलवरचे लोकसुद्धा मान वळवून बघतात. मामाच्या ड्राइव्हकडे कुणी बघत नाही, पण होल तोच जिंकतो.

आम्ही दोघं पूर्वी खूपदा एकत्र खेळलो, पण पैज लावून कधी नाही. या वेळी तो आपणहून म्हणाला, "काहीतरी लावून खेळू. प्रकार तू ठरव, स्ट्रोक तू ठरव, हरणाऱ्याने काय द्यायचं तेही तूच ठरव. मी हो म्हणेन."

मी त्यावर बराच विचार केला, आणि तो विचार मला वेळ घालवणं वाटला नाही. अनोळखी माणसाशी लावलेली पैज फसली तर एक दुपार फुकट जाते. घरच्या वडीलधाऱ्या माणसाशी लावलेली पैज पुढे प्रत्येक भेटीत आपल्यासोबत असते. तो सहज जिंकत राहिला तर ती पैज राहत नाही, नुसता नेम होतो. आणि त्याने मला झुकतं माप दिलं म्हणून मी जिंकले, तर ते दोघांनाही माहीत असतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. मला अशी पैज हवी होती की जिंकायचं तर मामाला आपला पूर्ण खेळ काढावा लागेल, आणि मी जिंकले तर तो विजय माझा असेल.

गोल्फ आणि पैज यांचं नातं फार जुनं आहे. लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून या खेळात रमू लागले म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली. हीच बंदी पुढे चौथ्या जेम्स राजाच्या काळात पुन्हा जाहीर झाली, आणि त्याच राजाच्या खजिन्याच्या हिशेबात १५०४ साली त्याला बॉथवेलच्या अर्लबरोबर गोल्फ खेळण्यासाठी दिलेल्या रकमेची नोंद आहे. आजही खेळाचे नियम सांभाळणाऱ्या दोन संस्था, आर अँड ए आणि यूएसजीए, मित्रामित्रांतल्या पैजेला हरकत घेत नाहीत. त्यांची अपेक्षा साधी आहे: खेळाडू एकमेकांना ओळखणारे असावेत, भाग घ्यायची सक्ती नसावी, पैसे खेळणाऱ्यांच्याच खिशातले असावेत आणि रक्कम इतकीच असावी की मुख्य हेतू खेळाचा आनंद राहील. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाकीच्या कागदावर तपासता येतात, ही मात्र आपली आपल्यालाच तपासावी लागते.

पहिला प्रश्न स्ट्रोकचा, म्हणजे कच्च्या खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची याचा. कोर्सवर नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो तो हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आकडा; जितका कमी, तितका खेळाडू चांगला. माझा हँडिकॅप इंडेक्स १९.० आणि मामाचा ६.२, म्हणजे मी एरवी पारपेक्षा १९ जास्त मारते असा बऱ्याच जणांचा समज होतो. तसं नाही. २०२० पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅप पद्धतीत तुमच्या अलीकडच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ धरतात आणि त्यांची सरासरी काढतात. म्हणजे हा आकडा तुमच्या रोजच्या खेळाचा नाही, तुमच्या चांगल्या दिवसाचा आहे. बहुतेक फेऱ्यांत माणूस त्यापेक्षा जास्तच मारतो. मामासारख्या खेळाडूच्या चांगल्या दिवसात आणि साध्या दिवसात फार फरक नसतो. माझ्या दोन दिवसांमध्ये मोठी दरी असते. त्यामुळे पूर्ण स्ट्रोक मिळाले तरी समोरासमोरच्या लढतीत सातत्य असलेल्या माणसाचं पारडं थोडंसं जड राहतं. पद्धत मुद्दामच तशी ठेवलेली आहे, चांगलं खेळण्याचं थोडं बक्षीस चांगल्या खेळाडूला मिळावं म्हणून. मला ते योग्य वाटतं.

त्यातून आम्ही वेगवेगळ्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, खेळतो. मी पुढच्या, तो सगळ्यात मागच्या. याचाही हिशेब होतो. इंडेक्सला त्या टीच्या स्लोपने (तिथून कोर्स सामान्य खेळाडूला किती जड जातो त्याचा आकडा) गुणायचं, ११३ ने भागायचं आणि मग कोर्स रेटिंग (तिथून उत्तम खेळाडूला अपेक्षित फटके) आणि पार यांतला फरक मिळवायचा. माझ्या टीचा स्लोप १२४, रेटिंग ७१.३, पार ७२; माझे झाले २०. मामाच्या टीचा स्लोप १३०, रेटिंग ७२.४, त्याचे झाले ८. मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत जायच्या प्रकारात, फरक पूर्णच्या पूर्ण द्यायचा असतो, म्हणून मला १२. कार्डावर ज्या होलांचा स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे अवघडपणाचा क्रम, १ ते १२ आहे, त्या प्रत्येक होलवर माझा एक फटका कमी धरायचा.

मी हे १२ सांगितले तेव्हा मामा म्हणाला, "चौदा घे की. तू हल्ली कुठे फारशी खेळतेस?"

"नको. बाराच."

"अगं, माझं काय जातंय?"

"तुझं काही जात नाही, मामा. माझं जातं."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. तो विषय तिथे संपला, पण मला तो इथे पुरा करायचा आहे. प्रेमापोटी दिलेले ते दोन जास्तीचे फटके घेतले असते तर मी जिंकले तरी त्या दोनांकडे बोट दाखवता आलं असतं, आणि हरले असते तर आणखीच वाईट. हिशेबाने आलेले १२ ही मामाची मेहेरबानी नव्हती. ते दोघांनी आजवर खेळलेल्या फेऱ्यांतून निघालेले होते. ते घेताना मला संकोच नव्हता आणि देताना त्याला उपकार केल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं. स्कॉटलंडच्या टॉम मॉरिस या एकाच नावाच्या गोल्फपटू पितापुत्रांची नावं मला या संदर्भात नेहमी आठवतात. १८६७ साली वडिलांनी वयाच्या ४६ व्या वर्षी ब्रिटनमधली ओपन स्पर्धा जिंकली. त्यांच्याहून मोठ्या वयाचा विजेता त्या स्पर्धेला अजून मिळालेला नाही. पुढच्याच वर्षी १७ वर्षांच्या मुलाने ती जिंकली. त्याच्याहून लहान विजेताही अजून झालेला नाही. १८६९ साली मुलगा पहिला आला आणि वडील दुसरे. ज्याच्या हातात आपण पहिल्यांदा क्लब दिला, त्याच्या मागे दुसरं येण्यात काय वाटत असेल याचा मी खूपदा विचार केला आहे. मला वाटतं, त्या दुसऱ्या क्रमांकात पहिल्याहून जास्त काहीतरी असेल. पण ते तेव्हाच, जेव्हा मुलाने तो क्रमांक स्वतः कमावलेला असेल.

मग प्रकार. एकूण फटके मोजायची स्ट्रोकप्लेची पद्धत मी पहिल्यांदा बाजूला ठेवली. माझ्यासारखीचा एखादा होल ९ फटक्यांवर जातो आणि उरलेले सगळे होल त्या एका होलची भरपाई करण्यात जातात. मॅचप्लेमध्ये तो ९ चा होल म्हणजे फक्त एक हरलेला होल. पुढच्या टीवर पाटी पुन्हा कोरी. स्टेबलफोर्डही बऱ्यापैकी हेच काम करतो. डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी आखलेल्या या पद्धतीची स्पर्धा १९३२ साली वॉलसी क्लबात झाली. हँडिकॅप धरून पार केली की २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३, आणि डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य, मग चेंडू उचला आणि पुढे चला. सुंदर पद्धत आहे. पण तिच्यात आपण कार्डाशी खेळतो, आणि मला मामाशी खेळायचं होतं.

स्किन्स दोघांत रंगत नाही. प्रत्येक होलची स्वतंत्र किंमत, बरोबरी झाली की ती पुढच्या होलवर चढते. १९८३ साली पामर, निकलस, प्लेयर आणि वॉटसन या चौघा नामवंत खेळाडूंना घेऊन टीव्हीसाठी हा प्रकार खेळवला गेला आणि गॅरी प्लेयर जिंकला, तेव्हापासून तो घरोघरी माहीत झाला. चौघांत मजा येते. दोघांत मात्र बरोबरीचे होल साचत जातात आणि शेवटी एका लांब पटवर सगळा दिवस एका बाजूला झुकतो. बिंगो बँगो बाँगो हा प्रकारही मी मनात घोळवला. ग्रीनवर आधी कोण पोचलं, सगळे पोचल्यावर झेंड्याच्या सगळ्यात जवळ कोण, आणि होलमध्ये आधी कोण, असा प्रत्येकी एक गुण. ज्याचा चेंडू लांब तो आधी खेळतो, म्हणून मागे राहिलेल्याला ग्रीनवर पहिलं पोचायची संधी मिळते. नव्या माणसाला खेळात ओढून घ्यायला याहून चांगला प्रकार मला माहीत नाही. तीनचार जणांत नक्की खेळून बघा.

सगळ्यात जास्त मोह झाला बिस्कचा. हा जुना प्रकार हल्ली क्वचितच दिसतो. यात मिळालेले स्ट्रोक कार्डावरच्या ठरावीक होलांना बांधलेले नसतात. होल खेळून झाला की घेणाऱ्याने ठरवायचं, इथे एक वापरू की राखून ठेवू. साहजिकच असा स्ट्रोक नेहमीच्या स्ट्रोकपेक्षा मोलाचा, म्हणून संख्येने कमी दिले जातात. विचार करा, १२ वा होल संपलाय, एका फटक्याने हरलाय, हातात दोन बिस्क आहेत आणि पुढे अवघड सहा होल आहेत. वापरायचा? यात बुद्धीला भरपूर खाद्य आहे. पण मी स्वतःला ओळखते. माझं अर्धं लक्ष दिवसभर त्या शिलकीवर राहिलं असतं. मला चेंडूकडे बघायचं होतं आणि मामाकडे बघायचं होतं.

शेवटी मी नासाऊ निवडला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या नासाऊ क्लबातून १९०० च्या सुमारास आलेला हा प्रकार म्हणजे एकात तीन मॅच: पहिल्या नऊ होलांची एक, पुढच्या नऊची एक आणि अठरांची एक. अनुभवी माणसासमोर उभं राहणाऱ्याला याच्याइतका न्याय्य प्रकार नाही. साध्या मॅचप्लेमध्ये मामा १४ व्या होलपर्यंत ५ ने पुढे गेला की मॅच तिथेच संपते, आणि उरलेले चार होल दोघंही फक्त गाडीपर्यंत परत जाण्यासाठी खेळतात. नासाऊमध्ये पहिले नऊ वाईट गेले तरी दहाव्या टीवर नवीन मॅच सुरू होते. एकच गोष्ट मी काढून टाकली, ती प्रेस. दोन होल मागे पडलेल्याने उरलेल्या होलांवर आणखी एक पैज लावायची, याला प्रेस म्हणतात. बऱ्याच जणांना नासाऊचा जीव त्यातच वाटतो. माझ्या मते प्रेस हरणाऱ्याला चिडवून डाव वाढवायला लावते, आणि घरच्या माणसासमोर चिडून लावलेला डाव मला नको होता.

पट सोडण्याबद्दलही आधीच बोललो. मॅचप्लेमध्ये समोरच्याचा पुढचा पट तुम्ही 'दिला' असं म्हणू शकता, म्हणजे न मारताच तो गेला असं धरायचं. या गोष्टीला गोल्फच्या इतिहासात मोठं स्थान आहे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १९६९ च्या रायडर कपमध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या मॅचच्या शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा साधारण दोन फुटांचा पट सोडला, आणि दोन्ही संघ १६-१६ असे बरोबरीत सुटले. अमेरिकेच्या गोटात सगळ्यांना ते आवडलं नव्हतं. मला त्या प्रसंगात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. निकलसला खात्री होती की जॅकलिन तो पट घालेलच, निदान त्याने घातला असताच असं मानायला तो तयार होता. पट सोडणं म्हणजे असा विश्वास. समोरचा चुकेल असं वाटत असताना, त्याला वाईट वाटू नये म्हणून सोडलेला पट ही वेगळीच गोष्ट आहे. मामाचा स्वभाव मला माहीत होता. तो मला तीनतीन, चारचार फुटांचे पट देऊन टाकायचा. म्हणून मी नियम घातला: पटरच्या ग्रिपच्या लांबीतला चेंडू उचलायचा, त्यापलीकडचा खेळायचा. कुणीही, कधीही. आठ फुटांवरून मोठमोठे व्यावसायिक खेळाडूही जेमतेम निम्मे पट घालतात. चार फूट म्हणजे काही झालेलं काम नव्हे.

आता डाव काय लावायचा?

पैसे नकोत हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. मी हरून पैसे दिले असते तर मामाने ते घेतले नसते, किंवा घेऊन दुसऱ्या वाटेने मला परत दिले असते. तो हरला असता तर त्याच्या हातातून पैसे घेणं मला जमलं नसतं. जी गोष्ट दोघांपैकी एकालाही सहज देता-घेता येत नाही, ती डावावर लावून काय उपयोग?

आणि इथे मी या सगळ्या विचाराच्या गाभ्याशी आले. गेली काही वर्षं मामाचा ड्राइव्ह कमी होत चाललाय. पूर्वी जिथे त्याचा चेंडू पोचायचा तिथून आता पुष्कळ मागे थांबतो. खांद्याचं दुखणं झालं, वय वाढलं. तरीही तो मागच्याच टीवरून खेळतो, जवळजवळ साडेसहा हजार यार्डांचा कोर्स. लांब पार-चारवर त्याला दुसऱ्या शॉटला फेअरवे वूड (लांब मारायचा क्लब) लागतं, पार-पाचचं ग्रीन गाठायला त्याला चार फटके लागतात, आणि पंधराव्या होलनंतर तो बोलायचा थांबतो. २०११ मध्ये अमेरिकेत लोकांना पुढच्या टीवरून खेळायला सांगणारी एक मोहीम निघाली होती. तिच्यात सोपं कोष्टक होतं: ड्राइव्ह २२५ यार्डांच्या आसपास जात असेल तर कोर्स ५,८०० ते ६,००० यार्डांचा असावा. मामाचा ड्राइव्ह चांगल्या दिवशी तेवढा जातो, आणि आमच्या मधल्या टीवरून कोर्स बरोबर तेवढाच आहे. हे सगळं मला त्याला किती दिवस सांगायचं होतं. पण ज्याने तुम्हाला क्लब धरायला शिकवलं, त्याला 'आता तू पुढे सरक' कसं सांगायचं? मामीने एकदा विषय काढला होता, तर तो दोन दिवस गप्प होता.

पैज मला ते म्हणायची जागा देत होती.

"मी अठरांची मॅच जिंकले," मी म्हणाले, "तर पुढची फेरी तू मधल्या टीवरून खेळायचीस. पूर्ण फेरी. मनापासून."

तो लगेच काही बोलला नाही. मी नजर खाली वळवली नाही.

"आणि मी जिंकलो तर," तो म्हणाला, "पुढच्या फेरीत तुझा ड्रायव्हर घरी राहील."

ड्रायव्हर हा माझा आवडता क्लब. त्याबद्दल आमचा जुना वाद आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांच्या लाखो शॉटचा अभ्यास करून दाखवलं की खेळाडूखेळाडूंतल्या फरकाचा साधारण दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांबाहेरच्या शॉटमधून येतो, पटिंगमधून फार थोडा. मी हे नेहमी माझ्या बाजूने सांगते. मामाचं उत्तर ठरलेलं असतं: झाडीत गेलेला चेंडूसुद्धा शंभर यार्डांबाहेरचाच शॉट असतो. त्याला माझ्याबद्दल जे कळकळीने सांगायचं होतं, तेही त्याने या पैजेत मांडलं. दोघांनी एकमेकांच्या खेळातली दुखरी जागा डावावर लावली होती. पहिल्या आणि दुसऱ्या नवांसाठी साधं ठरवलं: पहिले नऊ हरणाऱ्याने पुढचे नऊ होल दोघांचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, सारखे करायचे, आणि शेवटचे नऊ हरणाऱ्याने दोघांचे क्लब धुवायचे.

पहिल्या नवांत मामा तसाच खेळला जसा तो खेळतो. तिसऱ्या होलवर, कार्डावरच्या सगळ्यात अवघड होलवर, मला स्ट्रोक होता आणि तरी मी हरले, कारण त्याने बंकरमधून काढलेला चेंडू झेंड्यापासून हातभर थांबला. सहाव्यावर माझा ड्राइव्ह झाडीत गेला. तो काही बोलला नाही, आणि ते न बोलणं मला आवडलं. नवव्या ग्रीनवरून उतरताना तो २ ने पुढे होता. रेक माझ्या हातात आला.

दहाव्यापासून वारा सुटला. मागच्या टीवरून वाऱ्याविरुद्ध मारताना मामाचे ड्राइव्ह आणखीच आखूड पडू लागले. दोन होल माझे झाले, एक त्याने परत घेतला, बाकीचे बरोबरीत. १६ व्या होलवर त्याने केलेला पार मी कधी विसरणार नाही: ड्राइव्ह, वूड, रफमधून वेज, आणि उतारावरचा वळणारा पट, ज्याचा वेग त्याने चेंडूमागे वाकून इतका वेळ अभ्यासला की मागच्या ग्रुपने थांबून वाट बघितली. मला तिथे स्ट्रोक नव्हता. बोगीने मी हरले असते, पण माझाही पार झाला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. सतरावाही बरोबरीत सुटला.

१८ व्या टीवर हिशेब असा होता: शेवटच्या नवांत मी १ ने पुढे, एकूण मॅचमध्ये मामा १ ने पुढे. होल लांब पार-चार, आणि मला स्ट्रोक. माझा तिसरा शॉट ग्रीनवर, मग दोन पट. पाच, म्हणजे स्ट्रोक धरून चार. मामाचा दुसरा शॉट ग्रीनच्या कितीतरी अलीकडे राहिला. तिसऱ्याने वेज मारून त्याने चेंडू चार फुटांवर ठेवला. हा पट आत गेला की होल बरोबरीत आणि अठरांची मॅच त्याची.

त्याने मला विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. चेंडू ग्रिपच्या लांबीबाहेर होता. मनात एक क्षण आलं, की हा दिला तर काय होईल. दिवस छान गेलाय, तो थकलाय, वडील माणूस आहे. आणि त्याच क्षणी कळलं की असं वाटणं हेच तो न देण्याचं कारण आहे. निकलससारखी खात्री असती तर गोष्ट वेगळी होती. मला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना दिलेला पट मामाने ओळखला असता.

त्याने दोन्ही बाजूंनी रेघ बघितली. पट मारला. चेंडू कपच्या उजव्या काठावरून फिरला आणि बाहेर राहिला.

त्याने तो आत ढकलला, वाकून उचलला, टोपी काढून माझा हात हातात घेतला. "बरं केलंस, दिला नाहीस," तो म्हणाला.

शेवटचे नऊ मी २ ने जिंकले. अठरांची मॅच बरोबरीत. बरोबरी झाली तर काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मी म्हणाले, मग दोघांचेही डाव रद्द.

"रद्द कशाला?" मामा गाडीत बॅग ठेवत म्हणाला. "दोघांनी द्यायचं. मी मधल्या टीवरून, तुझा ड्रायव्हर घरी."

त्याने खिशातून कार्ड काढलं आणि मागच्या बाजूला पेन्सिलने मांडायला बसला. मधल्या टीचा स्लोप १२१, रेटिंग ६९.३. सहा पूर्णांक दोन गुणिले एकशे एकवीस, भागिले एकशे तेरा, त्यातून दोन पूर्णांक सात वजा. "माझे चार होतात," तो म्हणाला. "म्हणजे तुला सोळा."

"सोळा?"

"हिशेबाने आलेत. हे मी दिलेले नाहीत." त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं. "आता हे सोळा कुठल्या कुठल्या होलवर येतात ते बघ, आणि तीन नंबरवर ड्रायव्हर नसताना दुसरा शॉट कशाने मारणार आहेस ते मला सांग. त्या पाण्यावरून पाच नंबरच्या आयर्नने तुझा चेंडू जात नाही."